तारा दोन, रांग एकच: नवा सर्व्हर घेण्याआधी हे वाचा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ऑफिसातल्या सर्व्हरबद्दल बोललो. त्यात एक किस्सा सांगायचा राहिला. खरं म्हणजे राहिला नाही, मी टाळला. कारण त्यात चूक माझी होती. आज लिहूनच टाकतो, म्हणजे तुमचे पैसे तरी वाचतील.

लालबागला माझ्या बॅचमधला एक मुलगा आहे. चाळीतल्या दोन खोल्यांत त्याचा व्हिडिओ एडिटिंगचा स्टुडिओ. तो धरून चार माणसं. वर्षभर लग्नं, साखरपुडे, दुकानांच्या छोट्या जाहिराती. पण खरा धंदा श्रावणात सुरू होतो. परळच्या कार्यशाळांतून मूर्ती निघायला लागल्या की आगमन सोहळ्यांचं शूटिंग, आणि मंडळाला रात्रीच्या रात्री क्लिप हवी असते. सकाळी दिली तर शिळी झाली म्हणतात.

त्याचं सगळं फुटेज एका सर्व्हरवर. एकच माणूस काम करत असला की सगळं गुळगुळीत. दुसरा बसला की अडखळायला सुरुवात. प्ले दाबलं की चित्र थांबतंय, पुन्हा पळतंय. लॅमिंग्टन रोडवरून त्यानं कोटेशन आणलं: नवा सर्व्हर, नवी कार्डं, नवा स्विच, जीएसटीसकट १ लाख ६० हजार. मुद्राच्या 'किशोर' गटातून, म्हणजे ५० हजार ते ५ लाखांच्या गटातून, कर्ज काढायचं त्याच्या डोक्यात होतं. मला विचारलं, "सर, घेऊ का?"

मी म्हटलं, "थांब. सर्व्हरच्या मागे दोन पोर्ट आहेत ना? एकच वापरतोयस. दुसरी तार लाव, दोन्ही एकत्र बांध. रस्ता दुप्पट झाला की स्पीड दुप्पट."

त्यानं ऐकलं. दोन तारा एकत्र बांधता येतील असा स्विच घेतला, मुख्य मशीनला दोन पोर्टचं कार्ड घातलं, अख्खा रविवार त्यात घालवला. रात्री फोन आला. "सर, आधी सेकंदाला ११० एमबी मिळत होते. आता पण ११०च. आणि दुसऱ्या तारेचा दिवा लुकलुकतच नाहीये."

मला उत्तर देता आलं नाही. घरी बसून वाचलं, एका जुन्या मित्राला विचारलं, आणि मग कळलं की मी अर्धवट सल्ला दिला होता.

दादरचे पूल आणि हात धरलेलं कुटुंब

बघा, दादर स्टेशनवर पूर्वेकडून पश्चिमेकडे जायला एकापेक्षा जास्त पूल आहेत. समजा, २० माणसांचं एक कुटुंब लग्नाला निघालंय. आजोबांनी बजावलंय, कोणी हात सोडायचा नाही, आणि ज्या क्रमानं निघालो त्याच क्रमानं पोहोचायचं. आता सांगा, हे २० जण किती पूल वापरतील? एकच. रेल्वेनं आणखी चार पूल बांधले तरी एकच. पूल कमी नाहीत हो, कुटुंब एकत्र चालतंय!

संगणक आणि सर्व्हर यांच्यातलं एक कनेक्शन म्हणजे हे कुटुंब. त्यातली माहितीची पाकिटं मागेपुढे पोहोचू नयेत, म्हणून एका कनेक्शनची सगळी पाकिटं एकाच तारेवरून पाठवायची, असा या दोन तारा बांधण्याच्या पद्धतीचा सर्वसाधारण नियम आहे. दोन तारा बांधल्या की दोन वेगवेगळ्या कनेक्शनांना दोन वाटा मिळू शकतात. एकाच कनेक्शनला दुप्पट वाट मिळत नाही.

आणि आमच्या पठ्ठ्याच्या मशीनचं सर्व्हरशी कनेक्शन होतं एकच.

त्याची मशीन लिनक्सवर आहेत, आणि फायली एनएफएसनं, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टीमनं वाटलेल्या. सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८४ मध्ये आणलेली ही पद्धत. दुसऱ्या संगणकावरचं फोल्डर आपल्याच मशीनवर असल्यासारखं दिसतं, एवढंच तिचं काम, आणि ते ती चाळीस वर्षं निमूट करतेय. पण लिनक्सच्या मशीनवरून एका सर्व्हरची तुम्ही चार फोल्डरं जोडलीत, तरी आपण वेगळं काही सांगितलं नाही तर ती सगळी सहसा एकाच कनेक्शनवरून बोलतात. चारही फोल्डरं त्याच कुटुंबात, हात धरून.

मग उपाय काय?

उपाय म्हणजे कुटुंबाची चार टोळकी करायची. आजोबांना सांगायचं, प्रत्येक टोळक्यानं आपापला क्रम सांभाळावा, पण पूल कोणताही चालेल.

लिनक्सच्या ५.३ या आवृत्तीत, म्हणजे सप्टेंबर २०१९ मध्ये, हीच सोय आली. तिचं नाव 'एनकनेक्ट'. फोल्डर जोडताना, म्हणजे माउंट करताना, हा पर्याय लिहायचा आणि पुढे आकडा द्यायचा. ४ लिहिलं की त्याच सर्व्हरशी चार कनेक्शनं उघडतात आणि काम त्यांच्यात वाटलं जातं. जास्तीत जास्त १६. उबंटू २०.०४ किंवा त्यापुढचं काही वापरत असाल तर हे तुमच्याकडे आधीच आहे. विकत काही घ्यायचं नाही.

आम्ही ४ लिहिलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही! कारण त्या सर्व्हरचं दुसरं एक फोल्डर आधीपासून जोडलेलं होतं. सर्व्हर तोच असेल तर नवं फोल्डर जुन्याच कनेक्शनवर बसतं, नव्या आकड्याकडे बघत नाही. तुमच्याकडे असं झालं तर घाबरू नका. त्या सर्व्हरची सगळी फोल्डरं काढा आणि आकडा लिहून पुन्हा जोडा.

मग दुसरी अडचण. चार कनेक्शनं दोन तारांवर वाटणार कोण? ते मशीननं, सर्व्हरनं आणि मधल्या स्विचनं ठरवायचं असतं, आणि त्या सगळ्यांना 'पत्त्याबरोबर पोर्ट नंबर पण बघा' असं सांगावं लागतं. नुसता पत्ता बघितला तर चारही कनेक्शनांचा पत्ता सारखाच, पुन्हा सगळी एका तारेवर. नशिबानं त्याच्या स्विचमध्ये ती सोय होती. काही स्वस्त स्विचमध्ये नसते, म्हणून घेण्याआधी विचारा. शिवाय वाटणी दर वेळी अगदी निम्मी-निम्मी होईलच असं नाही. चारातली तीन एका तारेवर गेली असंही होतं.

हे सगळं झाल्यावर मोठी फाइल कॉपी करून बघितली. सेकंदाला जवळपास २०० एमबी. दुसरा दिवा लुकलुकायला लागला. फोनवर तो इतका मोठ्यानं ओरडला की माझ्या घरच्यांना वाटलं क्रिकेट चालू आहे.

पण थांबा, लगेच लिहायला पळू नका

इथेच माझं मत सांगतो. अशी युक्ती कळली की आपली माणसं ती देवाच्या अंगाऱ्यासारखी सगळीकडे लावतात. '४ नं एवढं झालं, मग १६ नं किती होईल!' असं होत नाही.

लालबागच्या राजाला दोन रांगा असतात, नवसाची आणि मुखदर्शनाची. समजा, मंडळानं उद्या आणखी दहा रांगा केल्या. मंडपाची जागा तेवढीच, राजा एकच, पुढे सरकवणारे कार्यकर्ते तेवढेच. रांगा वाढवून दर्शन लवकर होईल का? नाही. उलट रांगा सांभाळायलाच माणसं जास्त लागतील.

तुमच्या ऑफिसात एकच एक-गिगाबिटची तार असेल, तर हिशोब सोपा आहे. आठ बिटांचा एक बाइट. १ गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ एमबी, आणि वरचा खर्च वजा जाता हातात ११० ते ११५. हा आकडा एका कनेक्शनलाही सहज गाठता येतो. तिथे चार काय, सोळा कनेक्शनं केलीत तरी तार तेवढीच. फुकटचा त्रास.

मग फायदा होतो कुठे? तीन ठिकाणी. एक, माझ्या विद्यार्थ्यासारख्या दोन तारा बांधलेल्या असतील तिथे. दोन, तार दहा गिगाबिटची किंवा त्याहून मोठी असेल तिथे. एका कनेक्शनचं काम बऱ्याचदा प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडतं. तो कोअर घाम गाळतो आणि बाकीचे बघत बसतात. कनेक्शनं वाढली की काम वाटलं जातं. तीन, क्लाउडवर. तिथे एका कनेक्शनच्या वेगाला वेगळी मर्यादा असू शकते. मायक्रोसॉफ्टच्या अझूर फाइल्समध्ये एनएफएस वापरणाऱ्यांना कंपनीच हा पर्याय वापरायला सांगते, आणि तिनं सुचवलेला आकडा आहे ४. सोळा चालत असताना चार! यातच सगळं आलं.

आणखी एक. दहा मशीनवर प्रत्येकी १६ लिहिलंत तर सर्व्हरवर १६० कनेक्शनं होतात. छोट्या डब्याचा जीव केवढा! २ नं सुरुवात करा, मग ४. आकडा वाढला नाही तर मागे या.

"सर, आमच्याकडे तर विंडोज आहे"

तुमच्यातल्या बहुतेकांकडे विंडोजच असणार, ठाऊक आहे मला. गिरगावातली छपाईची दुकानं, दादरचे फोटो स्टुडिओ, सीएची ऑफिसं, बहुतेक ठिकाणी तेच. तिथे फायली एसएमबी नावाच्या पद्धतीनं वाटल्या जातात. तिच्यातली हीच कल्पना म्हणजे 'मल्टिचॅनेल'. ती विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून आहे. दोन्ही टोकांना दोन-दोन पोर्ट दिसले की विंडोज स्वतःहून जास्त कनेक्शनं उघडतं. यासाठी तारा एकत्र बांधायची गरजही नाही, दोन पोर्टना दोन वेगळे पत्ते द्यायचे. पण समोरचा सर्व्हरही तयार हवा. बाजारातल्या बऱ्याच तयार स्टोरेज डब्यांच्या पोटात सांबा नावाचं सॉफ्टवेअर असतं. २०२१ च्या ४.१५ आवृत्तीपासून सांबामध्ये ही सोय मुळातच चालू असते, तरी तुमच्या डब्याच्या सेटिंगमध्ये ती खूण आहे की नाही, एकदा उघडून बघा. वर्षानुवर्षं बंद पडलेली खूण असू शकते.

आधी रांग मोजा

आता कामाचं. नवीन काही घेण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि चार गोष्टी करा. वही घ्या, आकडे लिहा.

पहिली. एका मशीनवरून सर्व्हरवरची एक मोठी फाइल, १० ते २० जीबीची, आपल्या मशीनवर कॉपी करा. छोटी फाइल नको, ती मेमरीतून येते आणि फसवते. स्वतःच्या मशीनची डिस्क वेगवान हवी, नाहीतर आकडा तिचाच येईल. सेकंदाला किती एमबी ते लिहा.

आकडा ११-१२ आला? तर सर्व्हर निर्दोष आहे. तुमची तार कुठेतरी दबली आहे किंवा जुनी आहे, आणि ती १०० मेगाबिटवर उतरली आहे. खुर्चीचं चाक तारेवरून रोज जातं ना, तेच कारण. दीडदोनशे रुपयांची तार बदला आणि चहा प्या. याच रोगावर नवा सर्व्हर घेणारी माणसं मी पाहिली आहेत.

आकडा ११० च्या आसपास आला? तर एक-गिगाबिटची तार भरून वाहतेय. आता वाट रुंद करायची किंवा वाहतूक कमी करायची.

दुसरी. हीच कॉपी दोन मशीनवरून एकाच वेळी करा, फायली मात्र वेगवेगळ्या घ्या. दोघांची बेरीज आधीच्या आकड्यापेक्षा बरीच जास्त आली, तर सर्व्हरमध्ये दम शिल्लक आहे आणि अडतंय ते एका मशीनच्या बाजूला. जास्त कनेक्शनांचा विचार इथे करायचा. बेरीज तेवढीच राहिली, तर अडतंय सर्व्हरच्या तारेवर किंवा डिस्कवर. तिथे एका मशीनची कनेक्शनं वाढवून काही होणार नाही.

तिसरी. कॉपी चालू असताना सर्व्हरचा प्रोसेसर बघा. सगळ्यांची सरासरी नको, प्रत्येक कोअर वेगळा बघा. एकच कोअर शंभर टक्क्यांवर आणि बाकीचे आरामात, असं दिसलं तर वाटणी करून फायदा होण्याची शक्यता चांगली.

चौथी. हजारो छोट्या फायलींचं एक फोल्डर कॉपी करा. मोठी फाइल झरझर येतेय आणि छोट्या रडतायत, तर बहुधा जुन्या फिरत्या डिस्कची सुई इकडून तिकडे पळून दमतेय. तिथे एसएसडीचा खर्च कामी येईल, दुसरी तार नाही.

बिनपैशाचा तिसरा मार्ग

एडिटिंगवाल्यांसाठी एक गोष्ट, जी मी त्या मुलाला सगळ्यात आधी सांगायला हवी होती. फोर-के यूएचडीचं प्रोरेस ४२२ एचक्यू फुटेज, २५ फ्रेमचं, सेकंदाला सुमारे ७३७ मेगाबिट घेतं. म्हणजे ९२ एमबी. एका गिगाबिटच्या तारेवर असं एकच फुटेज जेमतेम मावतं. दुसरा माणूस बसला की अडखळणारच, यात सर्व्हरचा काय दोष? त्याच फुटेजची प्रॉक्सी केली तर सुमारे १५१ मेगाबिट, म्हणजे १९ एमबी. त्याच जुन्या तारेवर पाच माणसं मजेत काम करतील. कापाकापी प्रॉक्सीवर करायची, शेवटी मूळ फुटेज लावायचं.

तो आता दोन्ही करतो. गणपतीचा सीझन त्यानं जुन्याच सर्व्हरवर काढला, कर्ज न घेता. खर्च झाला तो स्विच आणि कार्डाचा. आता काम वाढलंय आणि तो दहा गिगाबिटचं बघतोय, आणि या वेळी मीही 'घे' म्हणतोय. कारण आता त्याच्याकडे वही आहे. कुठे अडतंय ते त्याला ठाऊक आहे, आणि पैसे मंडळांच्या बिलातून येणार आहेत.

माझं म्हणणं एवढंच

कोटेशन देणारा माणूस वाईट नसतो. त्याला डबा विकायचा असतो, तो डबा विकतो. फुकटची युक्ती सांगणाराही वाईट नसतो. मीच होतो की तो! पण दोघांनीही रांग कुठे लागली आहे हे बघितलं नव्हतं. डीलर न मोजता दीड लाख म्हणाला, मी न मोजता दुसरी तार म्हणालो. रकमेचा फरक, चूक एकच.

आणि हे फक्त सर्व्हरचं नाही. दुकानात गर्दी झाली की आपण दुसरा काउंटर टाकायचं ठरवतो, आणि बिल करणारा पोरगा एकच असतो. ऑर्डरी वाढल्या की दुसरा फोन घेतो, आणि उचलणारे हात दोनच. वाट वाढवायची की त्या वाटेवरून चालणारे वाढवायचे, की गर्दीच कमी करायची, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं वेगळी आणि खर्चही वेगळे. छोट्या धंद्यात एक चुकीची खरेदी म्हणजे सहा महिन्यांचा हप्ता असतो. हप्त्याच्या तारखेला नवा सर्व्हर काही मदतीला येत नाही.

तेव्हा या रविवारी ऑफिसात कोणी नसताना वही घेऊन बसा आणि चार आकडे लिहा. ते लिहिल्याशिवाय कुठल्याही कोटेशनवर सही करू नका. माझ्या सल्ल्यावरही नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत.